घरी एक भाषा, अंगणवाडीत दुसरी: दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे बोलणे

"डॉक्टर, अडीच वर्षांचा झाला तरी नीट बोलत नाही. घरात आम्ही हिंदी बोलतो, शेजारी सगळे मराठी. दोन भाषांमुळे गोंधळत असेल का?"

नारायणगाव, मंचर, घोडेगाव या भागातल्या दवाखान्यांत हा प्रश्न हल्ली वरचेवर विचारला जातो. विचारणारे पालक वेगवेगळे असतात. कोणी टोमॅटोच्या हंगामात कामाला आलेले, कोणी मुलाला इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातलेले, तर कोणी डिंभे धरणाच्या वरच्या वाडीतून आलेले. आपली बोली आणि शाळेची मराठी यांत मूल अडकले आहे, असे या शेवटच्या पालकांना कोणीतरी सांगितलेले असते.

थोडक्यात उत्तर असे की, दोन भाषा ऐकल्यामुळे मूल उशिरा बोलत नाही आणि त्याचा मेंदू गोंधळतही नाही. याच उत्तराची दुसरी बाजू पालकांपर्यंत फारशी पोहोचत नाही. मूल खरोखरच उशिरा बोलत असेल, तर "दोन भाषा आहेत म्हणून होत असेल" असे म्हणून थांबू नये. आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.

आपल्याकडे दोन भाषांत कोण वाढते?

द्विभाषिक मूल म्हटले की परदेशात राहणारे कुटुंब डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत अशी मुले गावोगाव आहेत. पश्चिमेच्या डोंगराळ भागात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. महादेव कोळी कुटुंबांची भाषा मराठीच, पण तिच्यात स्वतःचे शब्द आणि हेल आहेत. ठाकरी आणि कातकरी बोली पुस्तकातल्या मराठीपासून आणखी दूर आहेत. पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यात विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची कोपी उभी राहतात. त्यांतल्या बंजारा घरांत गोरमाटी बोलली जाते. नारायणगावच्या बाजारात आणि बांधकामांवर हिंदी, भोजपुरी ऐकू येते. या तालुक्यांतली बरीच घरे डबेवाल्यांच्या किंवा इतर कामांनी मुंबईशी जोडलेली आहेत. तिथे हिंदी-इंग्रजीत वाढणारी नातवंडे यात्रेला किंवा मे महिन्यात गावी येतात आणि आजीशी मराठीत बोलताना अडखळतात.

"भाषा" आणि "बोली" हा फरक मोठ्या माणसांनी केलेला आहे. बाळाच्या कानाला तो कळत नाही. घरात एक तऱ्हा आणि अंगणवाडीत दुसरी, एवढेच त्याला समजते आणि ते दोन्ही शिकून घेते.

बाळाचे कान काय करतात?

बाळ जन्माआधीच, गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, आईचा आवाज ऐकू लागते. जन्मतः त्याचे कान कोणत्याही भाषेला तयार असतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हिंदीतले 'ट' आणि 'त' हे आवाज वापरले होते. मराठीतही हे दोन्ही आहेत. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना या दोन आवाजांतला फरक ओळखता येत होता. वर्षाची होईपर्यंत त्यांतल्या बहुतेकांना तो ओळखता येईना, कारण त्यांच्या घरी तो फरक कधी ऐकूच येत नव्हता. म्हणजे पहिल्या वर्षात मेंदू आजूबाजूच्या आवाजांसाठी स्वतःला घडवत असतो. आजूबाजूला दोन भाषा असतील तर तो दोन्हींसाठी घडतो.

बोलण्याचे टप्पेही तेच राहतात. सहा ते दहा महिन्यांत "बाबाबा, दादादा" असे बडबडणे सुरू होते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले जातात, जसे "आई ये", "पाणी दे". घरात एक भाषा असो की दोन, या वयांत फारसा फरक पडत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक तज्ज्ञ मात्र उलटे सांगत. दोन भाषांनी मूल मागे पडते, असा निष्कर्ष तेव्हाच्या चाचण्यांतून काढला गेला. त्या चाचण्या मुलाच्या दुसऱ्या, कच्च्या भाषेत घेतल्या जात आणि गरीब स्थलांतरितांच्या मुलांची तुलना सुखवस्तू मुलांशी होत असे. १९६२ साली माँट्रिअलमध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी सारख्या परिस्थितीतल्या मुलांची तुलना केली, तेव्हा दोन भाषा येणारी मुले मागे नव्हती. आपल्याला जास्त जवळचे उदाहरण ओडिशाचे आहे. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी तिथल्या कोंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. त्यांत कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुले, फक्त ओडिया बोलणाऱ्या कोंध मुलांपेक्षा भाषेविषयीच्या समजुतीत सरस दिसली. घरची बोली टिकल्याने त्यांचे काही बिघडले नव्हते.

दोन भाषांमुळे मूल जास्त हुशार होते, असेही सांगितले जाते. त्याबाबतचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. हुशारी वाढेल या आशेने घरात नवी भाषा आणण्याची गरज नाही.

शब्द कसे मोजायचे?

मोजण्यात इथेच चूक होते. समजा, दोन वर्षांची मुलगी घरी भोजपुरीतले ३० शब्द बोलते आणि शेजारच्या अंगणात खेळून मराठीतले २५ शब्द शिकली आहे. कोणी फक्त मराठी शब्द मोजले तर ती मागे वाटेल. दोन्ही मिळून ५५ होतात आणि दोन वर्षांच्या वयात साधारण ५० शब्द अपेक्षित असतात. मुलगी ठीक आहे.

"माऊ" आणि "बिल्ली" दोन्ही म्हणत असेल तर ते दोन शब्द धरावेत. "भूभू", "हम्मा", "मम्मम्" हेही शब्दच आहेत, मात्र मूल दरवेळी त्याच गोष्टीसाठी तोच आवाज वापरत असले पाहिजे. उच्चार बोबडा असला तरी चालतो.

शब्द म्हणजे मागण्यासाठी, सांगण्यासाठी किंवा दाखवण्यासाठी वापरलेला आवाज. हे सांगण्याचे कारण मोबाइल आहे. "यलो, एलिफंट, वन टू थ्री" सगळे म्हणतो, पण तहान लागली तर हात धरून माठाकडे नेतो, अशी मुले आता नेहमी दिसतात. हे इंग्रजी येणे नव्हे, ते पाठांतर आहे. बाळे भाषा माणसाकडून शिकतात. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळे चिनी बोलणाऱ्या माणसाबरोबर खेळून तिचे आवाज ओळखायला शिकली. तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले तेव्हा काहीच शिकली नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की, दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. कामावर गेलेल्या वडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे यात धरू नये, कारण पलीकडे उत्तर देणारे माणूस असते.

मिसळून बोलणे आणि गप्प बसणे

"मला नहीं जायचं", "बॉल दे ना मम्मा, आय वाँट" असे मूल बोलले की पालक घाबरतात. मिसळणे हे गोंधळाचे लक्षण नाही. जो शब्द एका भाषेत अजून आलेला नाही, तो मूल दुसरीतून घेते. मोठेही "बसचं तिकीट बुक केलं" असे म्हणतात, त्याला कोणी आजार म्हणत नाही. तीन-चार वर्षांची मुले आजीशी एका भाषेत आणि ताईंशी दुसऱ्या भाषेत, माणूस पाहून बोलू लागतात.

हिंदी घरातले मूल "पाणी आला" म्हणेल, कारण हिंदीत पाणी पुल्लिंगी आहे आणि मराठीतले नपुंसकलिंग हिंदीत नाही. ते "आपण जाऊया" ऐवजी "आम्ही जाऊया" म्हणेल, कारण हिंदीत दोन्हींसाठी एकच 'हम' आहे. 'ळ' तर हिंदीत नसल्यामुळे "बाळ"चे "बाल" होईल. ही मराठी शिकण्यातली पायरी आहे. चुकीवर हसू नये. "हो, पाणी आलं" असे आपण बरोबर बोलून पुढे जावे.

आपल्याकडचा आणखी एक प्रकार म्हणजे घरी "पानी", "लोनी" म्हणणाऱ्या मुलाला कोणी "उच्चार दोष" म्हणून स्पीच थेरपीला पाठवते. गावातली सगळी माणसे तसेच बोलत असतील तर तो दोष नाही, ती त्या गावची भाषा आहे. शाळेची मराठी मूल त्याशेजारी शिकते. आम्हा डॉक्टरांकडूनही ही चूक होते, कारण आमचे कान पुस्तकी मराठीला सरावलेले असतात.

तीन वर्षांचे मूल नव्या भाषेच्या अंगणवाडीत गेले की काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहते. बाहेर गप्प, पण घरी आपल्या भाषेत भांडते, मागते, गाते, तर काळजी नाही. ते ऐकते आहे. दोन्हीकडे गप्प असेल तर तपासणी हवी. कोणत्याही तपासणीत मी पहिला प्रश्न हाच विचारतो: घरच्या भाषेत ते काय काय बोलते?

"दोन भाषा आहेत म्हणून": या समजुतीत वेळ जातो

नेहमी दिसणारे चित्र असे असते. मूल दीड वर्षाचे होते, बोलत नाही. कोणी म्हणते, घरात दोन भाषा आहेत, वेळ लागेल. कोणी म्हणते, याचा बापही चौथ्या वर्षी बोलला. वेखंड उगाळून चाटवले जाते, पोपटाचे उष्टे फळ खाऊ घातले जाते, ओझरला किंवा लेण्याद्रीला नवस होतो. नवसाला माझी हरकत नाही, फक्त त्याच आठवड्यात कानांची तपासणीही करावी. मूल साडेतीन वर्षांचे झाल्यावर कळते की त्याला जन्मापासून नीट ऐकूच येत नव्हते. ती दोन वर्षे परत मिळत नाहीत. भाषा शिकण्यासाठी मेंदू सर्वांत तयार असतो तो याच काळात.

हजारातल्या साधारण एक ते तीन बाळांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. तो घरात लक्षात येत नाही, कारण बहिरेपण नेहमी पूर्ण नसते. ताट पडले, फटाका वाजला की मूल दचकते. दार आपटल्याची थरथर त्याला जाणवते. आईचा चेहरा पाहून ते अर्थ लावते. "ऐकू येतं हो त्याला" असे सगळे खात्रीने सांगतात. पण 'स', 'श', 'फ' यांसारखे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नसतात आणि तुटक ऐकलेल्या बोलण्यातून भाषा बनत नाही. पाठीमागून हळू हाक मारून पाहणे ही घरची परीक्षा उपयोगी आहे. मूल वळले नाही तर तातडीने दाखवावे. वळले म्हणजे कान चांगलेच आहेत, असे मात्र धरू नये.

काही बाळांच्या बाबतीत जास्त सावध राहावे. जन्मानंतर काचेच्या पेटीत किंवा अतिदक्षता विभागात राहिलेली, रक्त बदलावे लागेल इतकी कावीळ झालेली, मेंदूज्वर झालेली बाळे त्यांत येतात. आई गरोदर असताना रुबेला झालेला असेल, घरात आधीच कोणी लहानपणापासून बहिरे असेल किंवा आईवडिलांचे लग्न आत्या-मामाच्या नात्यात झालेले असेल, तरीही धोका जास्त असतो. वारंवार कान फुटणाऱ्या मुलांचे ऐकणे कमी-जास्त होत राहते. अशा कानात तेल घालू नये.

भाषा कोणतीही असो, पुढील गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नये. वर्षाचे होऊनही बाळ बडबडत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही किंवा नावाला वळत नाही. सोळा ते अठरा महिन्यांपर्यंत कोणत्याच भाषेत एकही शब्द नाही. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही. आणि कोणत्याही वयात, आधी बोलत असलेले शब्द बोलणे बंद झाले. डोळ्यांत पाहणे, हसण्याला हसून उत्तर देणे कमी असेल तर स्वमग्नतेचीही तपासणी होते. स्वमग्न, डाउन सिंड्रोमच्या किंवा श्रवणयंत्र लावलेल्या मुलांनाही दोन भाषा शिकता येतात. आजार सापडला म्हणून घरची भाषा बंद करायची गरज नाही.

तपासणी कुठे आणि कशी?

अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगावे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि वाढीतील उशीर हा त्यांच्या तपासणीचा भाग आहे. ऊसतोडीला किंवा मजुरीला बाहेरून आलेल्या कुटुंबांनीही जवळच्या अंगणवाडीत मुलाला न्यावे. पथकाची वाट न पाहता थेट घोडेगाव, जुन्नर किंवा नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात गेले तरी चालते. तिथून पुढे जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणी होते. पाठवणीची चिठ्ठी मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

ओएई ही तपासणी काही मिनिटांची असते. तिच्यात दोष दिसला किंवा शंका राहिली तर बेरा चाचणी करतात. बेरासाठी मूल झोपलेले असावे लागते. आहुप्याहून किंवा घाटघरहून पुण्याला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. एसटीत मूल गाढ झोपते, दवाखान्यात टक्क जागे राहते आणि पुढची तारीख मिळते. म्हणून त्या दिवशी पहाटे लवकर उठवावे आणि प्रवासात जागे ठेवावे. झोपेचे औषध देणार असतील तर किती तास उपाशी ठेवायचे, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे.

दोष सापडला तर काही महिन्यांच्या बाळालाही श्रवणयंत्र लावता येते. निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचार सहा महिन्यांपर्यंत सुरू व्हावेत, हे जगभर मानले जाणारे उद्दिष्ट आहे. यंत्राने भागत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया असते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी तिला मदत मिळते. तिचे काम मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत चालते. पाच वर्षांची ही अट लक्षात घेतली, तर "अजून थोडं थांबू" याची किंमत कळते.

कान चांगले निघाले आणि तरीही उशीर असेल, तर स्पीच थेरपिस्टला दाखवावे. थेरपिस्टला आपली भाषा येत नसली तरी घरात काय बोलले जाते ते त्यांना सांगावे. घरचे व्यायाम घरच्याच भाषेत करावेत.

घरची भाषा बंद करा, असे कोणी सांगितले तर

शाळेकडून, कधी दवाखान्यातूनही, "घरी फक्त इंग्रजी बोला" किंवा "फक्त मराठी बोला" असा सल्ला मिळतो. तो पाळू नये. आईला इंग्रजी नीट येत नसेल तर घरातले इंग्रजी "कम हिअर, सिट डाउन, ईट फास्ट" एवढ्यावर आटपते. तीच आई आपल्या भाषेत मुलाला रागावते, चिडवते, गोष्ट सांगते, शेतात काय झाले ते सांगते. मुलाला हेच बोलणे लागते. एका भाषेत पक्के झालेले मूल दुसरी भाषा सहज उचलते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सुरुवातीच्या वर्गांत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्यावरून राज्यात मोठा वाद झाला आणि जूनअखेर सरकारने ते निर्णय मागे घेतले. तेव्हा अनेक पालकांनी विचारले की लहान मेंदूला तीन भाषा झेपतात का. घरात, अंगणात माणसांकडून ऐकलेल्या तीन भाषा झेपतात. वर्गात पुस्तकातून एखादी भाषा कधी सुरू करावी, हा वेगळा प्रश्न आहे. त्यात शिक्षक, तास आणि अभ्यासाचे ओझे येते.

आदिवासी भागातली अनेक मुले सहाव्या वर्षीच आश्रमशाळेत किंवा निवासी इंग्रजी शाळेत जातात. वापरली नाही तर लहान वयात भाषा लवकर विसरते. सुट्टीत घरी आलेल्या नातवाला आजीचे बोलणे समजते, पण उत्तर देता येत नाही. आठवड्याचा फोन घरच्या बोलीत करणे आणि सुट्टीत मुलाला आजी-आजोबांबरोबर कामाला, रानात नेणे यांनी ती बरीच टिकते. मुंबईच्या नातवंडांनाही हेच लागू आहे. तीन महिने गावात राहिलेले मूल जेवढी मराठी शिकते, तेवढी आईवडिलांनी रोज "मराठीत बोल" असे दटावून येत नाही.

आईने एक भाषा बोलावी आणि वडिलांनी दुसरी, असा नियम फ्रेंच अभ्यासक रोंजा यांच्या १९१३ सालच्या पुस्तकापासून प्रसिद्ध आहे. एकत्र कुटुंबात तो पाळणे अवघड आहे आणि त्याची गरजही नाही. ज्याला जी भाषा सहज येते त्याने ती बोलावी. दोन्ही भाषा मुलाला रोज, खेळताना, जेवताना भरपूर ऐकू येणे आणि त्या भाषेत उत्तर देण्याची त्याला गरज पडणे, एवढे पुरे.

तीन-चार वर्षांची काही मुले "मी मी मी काल" असे अडखळतात. तेही दोन भाषांमुळे नसते आणि बहुतेकांचे आपोआप थांबते. सहा महिन्यांहून जास्त टिकले किंवा मूल बोलताना तोंड वेडेवाकडे करू लागले, बोलणे टाळू लागले, तर दाखवावे.

दवाखान्यात येण्याआधी आठवडाभर मूल जे शब्द स्वतःहून बोलते ते एका कागदावर लिहून आणावेत, सगळ्या भाषांतले, बोबडे आहेत तसेच. माता बाल संरक्षण कार्ड आणि जन्माच्या वेळचे रुग्णालयाचे कागद बरोबर असावेत. दिवसभर मुलाजवळ जे असते, आणि ती बहुधा आजी असते, तिलाही आणावे. तिचे बोलणे आम्हाला नीट समजत नसेल तर समजावून सांगायला घरातले कोणीतरी बरोबर असावे.